धनी घरात होते तेव्हा

माझी सासू पेलागिया आणि शेजारची अग्रापिना यांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. म्हणजे बोलायच्या दोघी, दिवसभर बोलायच्या, पण कोंबड्यांशी आणि डुकरांशी. सासूबाई कुंपणाशी मक्याचे दाणे टाकत मोठ्यानं म्हणायच्या, "खा गं बाई, खा. तुझी चोच निदान खाण्यापुरती तरी उघडते. काहींची लग्नघरातसुद्धा मिटत नाही." लगेच पलीकडून अग्रापिना आपल्या डुकराला सांगायची, "ऐकलंस का रे? खरं बोललं की लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात."

आमच्या गुरिया प्रांतात माणसं अशीच. मी कुताईसीची, शहरातली. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर मला वाटायचं, आज या दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटणार. तसं कधी झालं नाही. नंतर मलाही त्या बोलण्याची सवय झाली. सकाळी ते कानावर पडलं नाही तर काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं.

भांडण झालं होतं गाण्यावरून. मुली होत्या तेव्हापासून दोघी एकत्र गायच्या. पेलागियाचा खालचा आवाज, अग्रापिनाचा वरचा आणि मधला पेलागियाच्या थोरल्या बहिणीचा. आमच्या गाण्याला तीन आवाज लागतात, तिन्ही वेगळ्या वाटेनं जातात आणि शेवटी एका जागी येऊन मिळतात. ती थोरली बहीण वारली. त्यानंतर पहिल्याच लग्नात अग्रापिना भर मांडवात म्हणाली, "पेलागिया, तुझा आवाज चिखलातल्या बैलासारखा बसतोय. आम्ही वर ओढायचं तरी किती?" सगळे हसले. सासूबाईंनी आपली चोंगुरी, चार तारांचं वाद्य, उचलली आणि घरी आल्या. हे सगळं मी यायच्या आधीचं. त्यामुळे या दोघींना एकत्र गाताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी इझोल्दा. तालुक्याच्या संगीतशाळेत पियानो शिकवायचे. घरात सासूबाईंसोबत गायला बसले की त्या म्हणायच्या, "सूर बरोबर आहे गं, पण इस्त्री केलेला वाटतो." मला राग यायचा, पण त्यांचं खरं होतं.

आमची मुलगी मारेखी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला नाचाचं वेड. आमच्या बायकांच्या नाचात पावलं दिसू द्यायची नसतात, लांब झग्याखाली ती अशी भराभर आणि बारीक टाकायची की बाई पाण्यावरून तरंगत गेल्यासारखी वाटली पाहिजे. मारेखी आजीचा घागरा काखेखाली दोरीनं बांधायची, हात पसरायची आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगायची. निम्म्या वाटेत पायात घागरा अडकून धाडकन पडायची. उठून आधी मागं बघायची, कोणी पाहिलं का. आजी भिंतीकडे तोंड करून हसायची.

हे त्र्याण्णव सालच्या मार्चमधलं. तो काळ आमच्याकडच्या कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वीज नव्हती. पावासाठी रांगा होत्या. समुद्रकाठी वरच्या भागात लढाई चालू होती आणि आमच्या रस्त्यावरून बंदूकवाले ट्रकमधून फिरायचे. कोण कोणाचे, ते ट्रक जवळ आल्यावरच कळायचं, कधी कधी तेव्हाही नाही. माझा नवरा नोदार सीमेपलीकडे तुर्कांच्या गावी सामान विकायला गेला होता. आमची जुनी गाडी तोच घेऊन गेला होता.

मारेखीला आधी सर्दी झाली, डोळे लाल झाले. चौथ्या दिवशी सकाळी मी तिची बंडी बदलत होते, तर कानामागे आणि मानेवर पुरळ. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"इझो, हळू बोल. धनी आलेत."

आमच्याकडे गोवर आली, कांजिण्या आल्या, की त्याला आजार म्हणत नाहीत. धनी आले म्हणतात. ते पाहुणे. लेकराच्या अंगात मुक्कामाला येतात, त्यांचा मान राखला तर खूश होऊन जातात. ते असेपर्यंत घरात मोठ्यानं बोलायचं नाही, भांडायचं नाही, कोंबडी कापायची नाही, सुई हातात धरायची नाही. आजारी लेकराच्या खाटेवर लाल कापड घालायचं, फुलं ठेवायची, आणि गायचं. धन्यांना गाणं आवडतं.

गोवर म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी शिकलेली बाई. मला हेही माहीत होतं की मारेखीला लस टोचलेली नाही. ती वर्षाची असताना तिला खोकला होता म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाली होती, पुढच्या खेपेला टोचू. पुढच्या खेपेला माझ्या शाळेत परीक्षा होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला मी विसरले. मग दवाखान्यात लस यायचीच बंद झाली.

सासूबाईंनी लाल शाल पसरली. बागेच्या कडेला हेझलच्या झाडांखाली जांभळी रानफुलं नुकतीच आली होती, ती वाटीभर आणली. गुलाब अजून फुलले नव्हते म्हणून डब्यातल्या वाळलेल्या पाकळ्या उशीवर टाकल्या. मग चोंगुरी काढून खाटेजवळ बसल्या आणि बोटांनी हळूहळू चारही तारा छेडायला लागल्या. मी मधला आवाज लावला. दुपारपर्यंत आम्ही दोघी गात होतो. ताप चढतच होता.

सासूबाई थांबल्या. म्हणाल्या, "दोन आवाजांचं गाणं म्हणजे पाहुण्यासमोर रिकामी थाळी ठेवल्यासारखं."

त्या उठल्या, अंगणातून सरळ कुंपणापाशी गेल्या. मी ओसरीवरून पाहत होते. त्या कोंबडीशी बोलल्या नाहीत.

"अग्रापिना."

पलीकडे अग्रापिना डुकरांना पाणी घालत होती. तिच्या हातातली बादली तशीच राहिली.

"धनी आलेत," सासूबाई म्हणाल्या.

"पोरीकडे?"

"हो."

"हात धुते आणि आलेच."

ती आली ती डोक्याला स्वच्छ पांढरा रुमाल बांधून, एका ताटलीत सोललेले अक्रोड घेऊन. उंबरा ओलांडताना सासूबाईंच्या कानाशी पुटपुटली, "आवाज शिल्लक आहे ना? की कोंबड्यांना शिव्या देण्यात संपवलास?"

"हळू बोल. धनी ऐकताहेत."

"ऐकू देत. मी कोणासाठी आलेय आणि कोणासाठी नाही, ते त्यांनाही कळू दे." आणि ती खाटेशी वाकून मारेखीला म्हणाली, "काय गं राणी, इतके पाहुणे बोलावलेस आणि शेजाऱ्यांना सांगितलंही नाहीस?" मारेखी तापातही थोडी हसली.

मग त्या दोघी गायल्या. मधला आवाज माझा होता, पण मी काय गायले ते मला आठवत नाही. सासूबाईंचा आवाज जमिनीसारखा पसरला, त्याच्यावर चालावं इतका पक्का. आणि अग्रापिना, जिचा आवाज मी आठ वर्षं डुकरांवर खेकसतानाच ऐकला होता, ती अगदी हलकेच वर गेली, वरच राहिली, आणि जिथे उतरेल असं वाटलं तिथे न उतरता आणखी एक वळण घेऊन आली. संगीतशाळेत मी पंधरा वर्षं काढली होती. असं गाणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मारेखी डोळे मिटून ऐकत होती. तिच्या पायाची बोटं शालीखाली हलत होती, नाचल्यासारखी.

तीन दिवस असं चाललं. अग्रापिना सकाळी गाईची धार काढून यायची, दुपारी घरी जाऊन जनावरांचं बघायची, परत यायची. दोघी एकमेकींशी बोलायच्या त्या गाण्यापुरतंच. "जरा वरून घे." "तू आधी श्वास घे." मक्याची भाकरी आणि चीज एकाच ताटात खायच्या, पण नजर ताटात.

चौथ्या दिवशी मारेखीनं कान धरला. दोन्ही हातांनी दोन्ही कान धरून ती किंचाळायला लागली. माझ्या हाताला तिचं डोकं तव्यासारखं लागत होतं. मी सेवेरियानकडे पळाले. तो आमच्या गावचा कंपाउंडर, डॉक्टर नसताना तोच डॉक्टर. भला माणूस. त्यानं माझ्यासमोर कपाट उघडलं.

"बघ इझोल्दा. सुया आहेत. सुयांत भरायला काही नाही. ॲस्पिरिन होतं, ते मुलांना देऊ नये म्हणतात. तिला पेनिसिलिन पाहिजे. तालुक्याला असेल कदाचित."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही गं. टेलिफोन बंद आहे. मला काहीच माहीत नाही." तो कपाट बंद करेना, मी विचारलेली वस्तू मागच्या बाजूला सापडेल अशा आशेनं हात घालून चाचपत राहिला.

तालुका अठरा किलोमीटर. मी मोठ्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पाऊस पडत होता. पाऊण तासानं एक ट्रक आला. मी दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. त्यानं भोंगा वाजवला, वेग कमी केला नाही, आणि शेवटच्या क्षणी मीच बाजूला झाले. मागे बसलेल्यांतल्या एकानं माझ्याकडे बघून टोपी काढली. अगदी अदबीनं. ते मला अजून समजलेलं नाही. त्यानंतर एक बैलगाडी आली, गवताची. गाडीवान म्हणाला, "बाई, तालुक्याच्या पुलावर चौकी बसवली आहे. दुपारपासून कोणाला सोडत नाहीत. मी स्वतः परत फिरलो." तरी मी तासभर थांबले. मग परत आले.

घरात शिरले तर मारेखीचं किंचाळणं आणि त्याच्या वरून त्या दोघींचं गाणं. तेच गाणं, तसंच मऊ, संथ. माझ्या बुटांतून पाणी गळत होतं.

"बंद करा!" मी ओरडले. "कान फुटतोय तिचा आणि तुम्ही अंगाई गाताय? पाहुणे नाहीत ते! रोग आहे, रोग! मरू देत तुमचे धनी, जाऊ देत खड्ड्यात!"

चोंगुरी थांबली. सासूबाईंनी ती खाली ठेवली. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. खाटेसमोर गुडघ्यावर बसल्या, कपाळ लाल शालीला टेकवलं आणि म्हणाल्या, "धन्यांनो, लहान आहे ती. आई आहे. तिचं मनावर घेऊ नका. माझ्याकडे बघा."

धनी दुखावले तर त्यांची क्षमा मागायची रीत आहे. ताटात फुलं, अक्रोड, मध ठेवायचा आणि गात गात, पावलं टाकत, खाटेभोवती फिरायचं. सासूबाई ताट घेऊन उठल्या. अग्रापिनानं माझं मनगट पकडलं. तिची बोटं लाकडासारखी कडक होती.

"चल."

"मी नाही येणार."

"रडत चाल, पण चाल. दुसरं काय करणार आहेस तू आत्ता? सांग मला. दुसरं काही असेल तर मीही येते तुझ्यासोबत."

दुसरं काही नव्हतं. मी चालले. ओल्या बुटांनी, त्या दोघींच्या मध्ये, खाटेभोवती किती फेऱ्या घातल्या कोणास ठाऊक. मी गातही होते. माझ्या मुलीचा आक्रोश चालू होता आणि मी तिच्या भोवती पावलं मोजत नाचत होते.

पहाटे दोन्ही कानांतून पू वाहायला लागला आणि तिचं रडणं थांबलं. सेवेरियान आला, पाहून म्हणाला, "फुटला. आता दुखणार नाही. सुटली पोरगी." सासूबाईंनी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. मीही घेतलं.

पुरळ उतरत गेलं. आठवड्यानं धन्यांना निरोप दिला. हेझलच्या फांदीला रंगीत चिंध्या, अक्रोड आणि फुलं बांधून ती फांदी घेऊन आम्ही फाटकापर्यंत गात गेलो, रस्त्यापलीकडच्या झाडाला टेकवली आणि मागे न बघता परत आलो. मारेखीला मी खिडकीत बसवलं होतं. ती शांतपणे बघत होती. फार अशक्त झाली होती. हाकेला ओ देत नव्हती, तर सासूबाई म्हणाल्या, "आजारातून उठलेली पोरं रुसतात. लाड करून घेतेय."

एक दिवस तिनं मला विचारलं, "आई, धनी अजून गेले नाहीत का?"

"गेले की, बाळा. तू बघितलंस ना?"

"मग सगळे अजून हळू का बोलताय?"

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, तुला झोप लागावी म्हणून. हे मी तिच्या केसांत तोंड खुपसून म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, "काय?" त्या "काय"नंतर मला समजायला हवं होतं. मला वाटतं, समजलंही असावं. पण मी कणीक मळायला घेतली.

ईस्टरच्या दोन दिवस आधी नोदार आला. तुर्कांकडून मारेखीसाठी पिवळा झगा आणला होता, लांब, पावलं झाकणारा. ईस्टरला अग्रापिनानं आम्हाला जेवायला बोलावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या अंगणात पाऊल ठेवलं. लाल रंगवलेली अंडी, वाइन, आणि अग्रापिनाचा भाचा ढोल घेऊन, त्याचा मित्र अकॉर्डियन घेऊन आलेला. टाळ्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले, मारेखीला नाचू द्या, धन्यांना जिंकून आली आहे.

ती मध्ये आली. हात पसरले. पिवळा झगा गवतावरून तरंगायला लागला. तिची नजर सारखी आजूबाजूच्या टाळ्यांकडे होती, एका हातावरून दुसऱ्या हातावर. एवढं सोडलं तर ती कधी नव्हती इतकी छान नाचत होती, एकदाही अडखळली नाही. मग अकॉर्डियनवाल्यानं वाद्य खाली ठेवलं, ढोल थांबला, टाळ्या थांबल्या. ती नाचत राहिली. पाठ आमच्याकडे होती, समोर कुंपण. हात पसरलेले, पावलं भराभर. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "पोट भरलं नाही वाटतं हिचं." नोदार लाडानं ओरडला, "पुरे गं, मारेखी!"

ती नाचत राहिली.

"मारेखी!"

हसणं एकेकाचं थांबत गेलं. अग्रापिनानं पळत जाऊन ढोलवाल्याच्या हातातून काठी हिसकली आणि ढोलावर अशी मारली की झाडावरचे पक्षी उडाले. मारेखीनं पक्ष्यांकडे बघितलं. उडताना पाहिले म्हणून वर बघितलं. मग मागे वळली आणि आम्ही सगळे तिच्याकडे पाहतोय हे दिसल्यावर ती घाबरली.

"मी चुकले का?" तिनं विचारलं.

पुढचं वर्षभर दवाखाने झाले. पहिल्या दोन ठिकाणी नीट तपासणीच झाली नाही, वीज नव्हती. शेवटी राजधानीत, तिबिलिसीला, एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, म्हातारे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, "वेळेवर औषध मिळालं असतं तर ऐकणं बहुतेक वाचलं असतं. केव्हाची गोष्ट ही?"

"गेल्या वर्षी. मार्च."

ते लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मार्चमध्ये इथेही नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही इथे आला असतात तरी माझ्याकडे नव्हतं."

त्यांनी ते सांत्वन म्हणून सांगितलं असावं.

सासूबाईंनी चोंगुरी खिळ्याला टांगली ती परत काढली नाही. गाणं सोडलं. गावातलं कोणी धनी आले म्हणून बोलवायला आलं तर म्हणायच्या, "माझं गाणं त्यांना आवडत नाही." मला त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. उलट माझ्या ताटात चांगला तुकडा वाढायच्या, माझी ओली चप्पल चुलीपाशी ठेवायच्या. आणि तेच मला सहन होईना. रोज वाटायचं, आज बोलतील. मी धन्यांना खड्ड्यात जा म्हटलं होतं. मी असलं काही मानत नव्हते, तरी त्यांच्या तोंडून ते ऐकायची वाट बघत होते.

त्या शरदात आम्ही दोघी अंगणात मका सोलत होतो. मी हातातलं कणीस टाकलं.

"आई, एकदा बोलून टाका."

"काय बोलू?"

"माझ्यामुळे झालं असं म्हणा. मी ओरडले म्हणून झालं. तुम्हाला वाटतं ते, मला माहीत आहे. म्हणा, म्हणजे संपेल."

त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं पाहिलं. "तुझ्यामुळे? तू तर आई. आईचं ओरडणं ते ओळखतात, घरोघरी ऐकतात ते." मग कणसाची पानं ओढत राहिल्या. तशाच ओढता ओढता म्हणाल्या, "माझा आवाज बसला होता. क्षमा मागताना, दुसऱ्या फेरीला. खाली गेला. मला ऐकू आलं. अग्रापिना मागे म्हणाली होती ते खरं होतं, मी मानलं नाही. तिथे त्या पोरीच्या उशाशी बसला माझा आवाज."

"नाही बसला," मी म्हणाले. "आई, मी गाणं शिकवते. माझा कान खोटं सांगत नाही. तुमचा सूर जागेवर होता. केसभर हलला नव्हता."

"तू शाळेतली. तू तेव्हा रडत होतीस. तुला काय ऐकू येणार?"

मी किती समजावलं. पियानोवर दाखवते म्हणाले. त्या मका सोलत राहिल्या. त्या दिवशी मला कळलं की मी दीड वर्ष माझंच ओझं मोजत बसले होते आणि माझ्या शेजारी, एका चुलीपाशी, ही बाई दुसरंच काही उरावर घेऊन झोपत होती.

मी अग्रापिनाकडे गेले. सगळं सांगितलं. ती खुर्चीतून उठली, रुमालसुद्धा बांधला नाही, तशीच कुंपण ओलांडून आली आणि सासूबाईंसमोर उभी राहिली.

"पेलागिया, काय वेडेपणा चालवलाय? तुझा सूर पक्का होता. सगळे दिवस पक्का होता. त्या लग्नातही पक्का होता. माझाच घसा चढत नव्हता त्या दिवशी, तुझी बहीण नव्हती आपल्यासोबत, मला जमत नव्हतं, म्हणून तुझ्यावर ढकललं. ऐकलंस? मी खोटं बोलले होते."

सासूबाईंनी मान वर केली. अग्रापिनाच्या तोंडून असले शब्द ऐकायला त्यांनी दहा वर्षं काढली असतील. त्यांनी तिच्याकडे अगदी प्रेमानं पाहिलं आणि म्हणाल्या, "तू आता माझ्यावर दया करतेस."

"दया? मी? कोणावर केली मी आजवर दया?"

"म्हणूनच कळलं," सासूबाई म्हणाल्या. "बस. कॉफी करते."

अग्रापिना नंतर कितीदा आली. शपथा घेतल्या, चिडली, एकदा तर चोंगुरी खिळ्यावरून काढून त्यांच्या मांडीवर आपटली. "तुला बैल म्हटलं तेव्हा लगेच विश्वास ठेवलास आणि आता का नाही ठेवत, म्हातारे?" सासूबाई नुसत्या हसायच्या आणि वाद्य परत जागेवर टांगायच्या. तारा सैल होत गेल्या. एक तुटली.

मारेखी सात वर्षांची झाल्यावर तिला तिबिलिसीच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. मी तिच्यासोबत शहरात राहिले, एका बालवाडीत पियानो वाजवायला लागले. सुट्टीत गावी यायचो. ती हातांनी बोलायला शिकली, मग मी शिकले. नोदार चार खुणा शिकला, त्यातल्या दोन चुकीच्या. सासूबाई एकही शिकल्या नाहीत. त्या तिच्याशी आधीसारखंच बोलायच्या, भरभर, तिच्या तोंडाकडे बघत, आणि मारेखी त्यांच्या तोंडाकडे बघत मान डोलवायची. किती समजायचं तिला, मला माहीत नाही.

मारेखी तेरा वर्षांची असताना सासूबाई गेल्या. गावातल्या पुरुषांनी अंगणात उभं राहून मयताचं गाणं गायलं, त्याला शब्द नसतात, नुसते आवाज. जेवणाला राजमा शिजत होता. मारेखी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गाणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होती. मग ती माझ्याकडे आली आणि हातांनी म्हणाली, "आजी गायची तेव्हा मला ऐकू यायचं ना?"

"हो," मी खूण केली.

"मला आठवत नाही. आजीचा चेहरा आठवतो, वाद्य आठवतं. आवाज आठवत नाही. कसा होता?"

मी हात वर केले. मला हजारभर खुणा येतात. खाली, मी म्हटलं. मोठा. ती वाट बघत होती. पक्का, मी म्हटलं. ती म्हणाली, "पक्का म्हणजे दगडासारखा?" नाही. "मग?"

चुलीपाशी अग्रापिना मोठ्या भांड्यात पळी फिरवत होती. तिनं विचारलं, "काय म्हणतेय पोरगी?"

मी सांगितलं. अग्रापिनानं पळी तशीच धरून मारेखीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. राजमा खाली लागायला लागला होता, तिच्या ते लक्षातच आलं नाही. शेवटी वास आला तेव्हा मीच जाऊन भांडं उतरवलं. परत वळले तेव्हा मारेखी अजून तिथेच उभी होती, माझ्या हातांकडे बघत.